व्हॉइस चॅट सुरू करण्याआधी

ताई, स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाला गेमच्या व्हॉइस चॅटची, म्हणजे खेळता खेळता एकमेकांशी बोलण्याची, सवय लावायची असेल, तर सुरुवातीला त्याचा माइक बंदच ठेवावा आणि त्याला नुसते ऐकू द्यावे. समोरासमोरच्या गप्पांत नजर देणे, हावभाव ओळखणे आणि उत्तर जुळवणे ही कामे एकाच वेळी करावी लागतात. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधकाम करण्याच्या व्हिडिओ गेममध्ये मात्र दोघांचेही लक्ष बांधायला घेतलेल्या भिंतीवर असते आणि "दगड संपले, तू आण" एवढ्यानेही संभाषण पुढे सरकते. सोबतीला शांत स्वभावाचे एकच मावसभावंड पुरे.

डिस्कॉर्ड या ऑनलाइन गप्पांच्या अ‍ॅपसाठी किमान वय 13 वर्षे आहे, त्यामुळे लहान मुलांसाठी साधा फोन स्पीकरवर ठेवणे मला अधिक बरे वाटते. मोठ्या मुलांसाठी बटण दाबल्यावरच आवाज जाईल अशी सोय निवडावी आणि समोरच्या प्रत्येकाचा आवाज आधीच बेताचा करून ठेवावा, कारण पलीकडच्या घरात अचानक मिक्सर सुरू झाला की मूल हेडफोन काढून टाकते आणि पुढे कित्येक दिवस त्याकडे फिरकत नाही.

खुल्या सर्व्हरची, म्हणजे कोणीही येऊन खेळू शकेल अशा ऑनलाइन जागेची, घाई नको. कॅनडातील स्टुअर्ट डंकन या पालकाने 2013 मध्ये स्वमग्न मुलांसाठी सुरू केलेल्या ऑटक्राफ्ट या माइनक्राफ्टच्या सर्व्हरवरही अर्ज मंजूर झाल्याशिवाय प्रवेश मिळत नाही. बोलावेसे न वाटल्यास लिहून उत्तर देण्याची मोकळीक मुलाला असावी. माझ्या मते तेही संभाषणच. खेळ थांबवण्याची सूचना पाच मिनिटे आधी द्यावी आणि "मी आता जातो" हे वाक्य त्याच्याकडून घरीच म्हणवून घ्यावे.