पेशीचे आवरण फाटते तेव्हा

प्रश्न : येळ्ळूरचा राजहंसगड पाहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या दुखू लागल्या. अशा श्रमाने स्नायूंच्या पेशी फाटतात, असे कोणी सांगितले. मग त्या मरत कशा नाहीत?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : आपण ऐकले ते बऱ्याच अंशी खरे आहे. विशेषतः उतार उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात आणि त्यांतील काही पेशींच्या आवरणांना सूक्ष्म छेद पडतात. हे आवरण स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचे असून जेमतेम ५ ते १० नॅनोमीटर जाडीचे असते. पेशीबाहेर कॅल्शियमचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट असल्यामुळे छेद पडताच ते आत घुसते. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट ही वाटते, की एरवी पेशीला घातक ठरणारा हा लोंढाच दुरुस्तीची हाक ठरतो. त्या हाकेसरशी आतील सूक्ष्म पिशव्या छेदाकडे धावतात, आवरणात मिसळतात आणि जणू ठिगळ लावतात. ॲनेक्सिन प्रथिने कडा सांधण्यास मदत करतात. लहान छेद बहुधा काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात बुजतो.

स्नायूंत या कामासाठी डिस्फर्लिन नावाचे प्रथिन आवश्यक असते. त्याचे जनुक १९९८ मध्ये ओळखले गेले. ते सदोष असल्यास छेद नीट बुजत नाहीत आणि तरुण वयातच खांदा, कंबर व पायांचे स्नायू हळूहळू क्षीण होतात. आपले दुखणे मात्र चार-पाच दिवसांत ओसरावे. लघवी गडद तपकिरी झाल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे.