घर घ्यावं की भाड्यानं राहावं? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरी करतो. पुण्यात धायरीला २०,००० रुपये भाड्यानं राहतो. त्याच इमारतीतला तसाच फ्लॅट ८० लाखांना मिळतोय. घरचे म्हणतात, भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे. फ्लॅट घ्यावा का?

भाडं पाण्यात जात असेल, तर बँकेचं व्याजही त्याच पाण्यात जातं. ८० टक्के, म्हणजे ६४ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलंत, तर हप्ता साधारण ५५,५४० रुपये बसेल. पहिल्या हप्त्यातले ४५,३३३ रुपये व्याजाचे आणि मुद्दल फिटणार जेमतेम १०,२०० रुपये. पाच वर्षांत तुम्ही ३३ लाखांवर रक्कम भरलेली असेल, तरी सुमारे ५६ लाख ४० हजार बाकी दिसतील. त्यामुळे भाड्याची तुलना हप्त्याशी करू नका. व्याज, मेंटेनन्स आणि मालमत्ता कर यांच्या बेरजेशी करा.

हाताशी लागणारी रोकडही आधी मोजा. मार्जिनचे, म्हणजे कर्जाबाहेर स्वतः भरायचे १६ लाख, पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार, नोंदणी फी ३०,०००. शुल्क आणि फीसाठी या रकमेच्या घरावर बँक कर्ज देत नाही. नेमके इथेच लोक अडकतात आणि वरचे पाच-सहा लाख महागड्या पर्सनल लोननं उभे करतात. खरेदीखत फक्त पत्नीच्या नावावर केलं तर शुल्कात एक टक्का, म्हणजे ८०,००० वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली.

आता पहिल्या वर्षाचा हिशेब. व्याज सुमारे ५.४ लाख, मेंटेनन्स व कर अंदाजे ५०,०००, आणि गुंतलेल्या २२ लाखांवर सात टक्क्यांनी बुडालेलं व्याज दीड लाख. वाचलेलं भाडं २.४ लाख वजा केलं, तर पाच लाखांचा खड्डा उरतो. तो भरून निघायला फ्लॅटची किंमत वर्षाला सहा टक्क्यांच्या वर वाढायला हवी, आणि इमारत तर जुनी होत जाणार. करसवलतीवरही विसंबू नका : नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीत ती २ लाखांपर्यंत आहे, पण भाड्यानं राहिलात तर घरभाडं भत्त्याची सूटही तिथेच मिळते, हे विसरू नये.

तरी लोक घर घेतात ते काही गणित येत नाही म्हणून नव्हे. मालक कधी ‘मुलगा परत येतोय’ म्हणेल सांगता येत नाही. मुलांची शाळा मध्येच बदलावी लागते, सोयरीक जमवताना ‘घर स्वतःचं का?’ हा प्रश्न आजही आधी येतो. या स्थैर्याला किंमत आहे. सात-आठ वर्षं धायरी सोडणार नसाल आणि एक पगार थांबला तरी सहा महिने हप्ता जाईल एवढी शिल्लक असेल, तर घ्या. नोकरी बदलण्याची शक्यता असेल तर भाड्यानंच राहा.

प्रश्न : डोंबिवलीतला दुसरा फ्लॅट बंद आहे. भाडेकरू ठाण मांडून बसेल या भीतीनं देत नाही. भीती रास्त आहे का?

भीतीचं मूळ जुनं आहे. १९४७च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी १९४०च्या पातळीला गोठवली. मालकांनी दुरुस्त्या सोडल्या, पागडी (घर देताना घेतलेली एकरकमी रक्कम) फोफावली, आणि भाड्यासाठी घरं बांधणं जवळपास थांबलं. देशातल्या शहरांत भाड्याच्या घरांचं प्रमाण १९६१मध्ये ५४ टक्के होतं, ते २०११मध्ये २८ टक्क्यांवर आलं.

पण आज लागू आहे तो १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा. लिव्ह अँड लायसन्स करारात, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या वापराच्या परवानगीत, मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट भाडं लागू होतं. अट एकच : करार नोंदवलेला हवा. कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची. करार नोंदवला नाही आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी ग्राह्य धरल्या जातात. ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. खर्चही किरकोळ : २०,००० भाडं, ६०,००० अनामत, ११ महिने, तर मुद्रांक शुल्क साडेपाचशेच्या आसपास आणि शहरात नोंदणी फी १,०००.

प्रश्न : सोसायटी ‘फ्लॅट बॅचलरना भाड्यानं देऊ नका’ म्हणते आणि बिगर-वापर शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलं जाणारं) दुप्पट मागते.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) फ्लॅट भाड्यानं द्यायला पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी लेखी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. बिगर-वापर शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, आणि ते मोजताना महापालिकेचे कर धरायचे नाहीत. जास्त मागितलं तर आधी कमिटीला लेखी पत्र द्या, पोच घ्या, मग सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जा. तोंडी भांडणाचा काही उपयोग नाही.