नाही म्हणायचं बटन

अगं, तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. "सेविका अ‍ॅप वापरायलाच तयार नाहीत, त्यांना कन्व्हिन्स कसं करू?" सकाळी उत्तर लिहायला बसले आणि खरं सांगते, चिडले. तुझ्यावर कमी, माझ्यावर जास्त, कारण हाच प्रश्न मी कितीतरी वर्षं विचारत फिरलेय.

2021 आठवतंय का? आपल्याकडच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी फोन प्रकल्प कार्यालयात नेऊन परत दिले होते. 2 जीबी रॅमचे फोन, तापायचे, हँग व्हायचे, त्यात पोषण ट्रॅकर, म्हणजे बाळांच्या वजन-आहाराच्या नोंदींचं सरकारी अ‍ॅप, इंग्रजीत. बाळांची वजनं करायला त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं, चांगला फोन द्या आणि मराठीत अ‍ॅप द्या म्हणत होत्या. आणि आपल्या अ‍ॅप बनवायच्या धंद्यातले लोक काय म्हणाले, तर अडॉप्शनचा प्रॉब्लेम आहे, बायका अ‍ॅप अंगवळणी पाडून घेत नाहीत, ट्रेनिंग वाढवा! अरे, त्या बायका फुकटात टेस्टिंग करून रिपोर्ट देत होत्या तुम्हाला.

माझं सांगते. घरोघरी सर्व्हे करायचं अ‍ॅप होतं, क्लायंटचं नाव जाऊ दे. एका पाड्यावर एक आजी म्हणाली, "तुझ्या फोनात माझं घर नको." साधं, स्पष्ट वाक्य. आता आमच्या ड्रॉपडाऊनमध्ये पर्याय दोनच, 'पूर्ण' आणि 'घर बंद'. आशाताईने बिचारीने 'घर बंद' दाबलं, दुसरं करणार काय, आजी दारातच उभी होती तरी! असे किती नकार कुलपात गेले मला माहीत नाही, कारण मोजायची सोयच मी केली नव्हती. डॅशबोर्ड मात्र हिरवागार.

तेव्हा डेडलाईन होती, स्पेसिफिकेशन वरून आलं होतं, मी टीममध्ये नवीन होते. हे सगळं खरं आहे. पण तो ड्रॉपडाऊन मीच बनवला, आणि तिसरी ओळ टाकायला दहा मिनिटं लागली असती.

म्हणून तुला परत परत तेच सांगणार, कंटाळलीस तरी. नाही म्हणायची वाट ठेव. आणि त्या वाटेने जाणाऱ्याचं काही बुडता कामा नये, नाहीतर ती वाट नुसती दाखवायला. रोजगार हमीच्या हजेरीचंच बघ ना, 1 जानेवारी 2023 पासून सार्वजनिक कामांवर अ‍ॅपवरूनच सक्तीची झाली, दिवसातून दोन फोटो, आणि फोटो चढला नाही की मजुरी अडकायची. तिथे मजुराने नाही म्हणायचं कसं? ज्याचं पोट त्या बटनावर आहे त्याने बटन दाबलं याला तू होकार म्हणतेस?

मॅनेजर म्हणेल, असा पर्याय दिला तर सगळेच तो घेतील. घेऊ देत की! सगळेच घेत असतील तर आपलं अ‍ॅप कसं आहे ते कळेल. (हे मी एकदा मीटिंगमध्ये बोलले होते, पुढच्या प्रोजेक्टला मला बोलावलं नाही. अजून वाटतं बरोबरच बोलले, जरा आवाज चढला होता एवढंच.)

सोमवारी ऑफिसमध्ये बसून स्क्रीन रंगवू नकोस, बीटमध्ये, म्हणजे जिथे अंगणवाड्या चालतात तिथे जा. ज्या सेविकेने सगळ्यात जास्त कटकट केलीय तिच्याच शेजारी दिवसभर बस, फोन पर्समध्ये ठेवून. तिचं रजिस्टर बघ, समासात पेन्सिलीने काय काय लिहून ठेवलंय ते बघ. मग मला फोन कर.