११ महिन्यांचं बाळ मी खोलीबाहेर गेले की रडतं. हे असुरक्षित अटॅचमेंटचं, म्हणजे बाळाला माझ्याबद्दल भरवसा वाटत नसल्याचं, लक्षण आहे का? लगेच उचललं तर लाडावेल का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. या वयात हे रडणं अपेक्षितच आहे. साधारण सात-आठ महिन्यांपासून बाळाला कळू लागतं की दिसेनासं झालेलं माणूस कुठेतरी आहे. ते कधी परत येईल याचा अंदाज मात्र त्याला येत नाही. दीड वर्षापर्यंत हे रडणं जोरात असतं, मग बोलणं आणि काळाची समज वाढते तसं हळूहळू ओसरतं.

अटॅचमेंट रडण्यावरून ठरवण्यातच बहुतेकांची चूक होते. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये अटॅचमेंट तपासायची एक पद्धत बसवली. अनोळखी खोली, खेळणी, एक परकी व्यक्ती, आणि बहुतेक तीन-तीन मिनिटांचे आठ टप्पे. आई दोनदा बाहेर जाते. पण निरीक्षक सर्वांत बारकाईने बघतात ते आई परत आल्यावर काय होतं ते. सुरक्षित मूल भरपूर रडलेलं असू शकतं. आई दिसताच ते हात वर करतं, अंगाला बिलगतं, शांत होतं आणि पुन्हा खेळण्यांकडे वळतं. दुसरं मूल आई आली तरी मान वळवून ठोकळ्यांशीच खेळत राहतं. त्याला आपण ‘किती शहाणं’ म्हणतो, पण अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा तीही आतून अस्वस्थ असल्याचं दिसलं. तिसरं उचलून घ्या म्हणतं आणि घेतलं की लाथा झाडतं, शांतच होत नाही. पुढे मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन या संशोधकांनी चौथा प्रकार मांडला: मूल जवळ येता येता थिजतं, किंवा तोंड फिरवून उलट्या पावलांनी येतं. हे वाचून घरी परीक्षा मात्र घेऊ नका. भूक, अपुरी झोप, सर्दी एवढ्यानेही वागणं बदलतं, आणि ही नोंद करायला रीतसर प्रशिक्षण लागतं.

आता ‘सवय लागेल’ या भीतीबद्दल. १९७२ मध्ये संशोधक सिल्व्हिया बेल आणि एन्सवर्थ यांना दिसलं, की सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला चटकन प्रतिसाद मिळाला ती बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. नंतरच्या संशोधनात हा संबंध इतका सरळ निघाला नाही, म्हणून मी त्यावर सगळा भार टाकणार नाही. महत्त्वाचं आहे ते बाळाला काय हवंय हे बहुतेक वेळा ओळखणं. दर वेळी नाही! मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई-बाळाच्या समोरासमोरच्या खेळाचं चित्रण तपासलं, तेव्हा चांगलं जमणाऱ्या जोड्यांतही दोघांचे सूर साधारण एक तृतीयांश वेळच जुळलेले होते. चुकलं की लगेच सावरून घेणं, यातून बाळाचा विश्वास बसतो. तुम्ही अंघोळीला गेलात आणि ते पाच मिनिटं दुसऱ्या ओळखीच्या माणसाच्या कडेवर रडलं, तर काही बिघडत नाही.

बाहेर जाण्याचा सराव असा करा. पोट भरलेलं, झोप झालेली असताना एकच ठरलेलं वाक्य म्हणा, ‘आई आत जाऊन येते हं’, आणि अर्ध्या मिनिटासाठी जा. बाहेरून आवाज देत राहा. रडणं टिपेला पोचायच्या आत परत या. मग काही दिवसांत एक, दोन, पाच मिनिटं. एखादा दिवस बिनसला तर मागच्या टप्प्यावर या. बुवा-कुकचा खेळ याच गोष्टीची उजळणी आहे, म्हणून तो रोज खेळा.

नजर चुकवून सटकू नका. त्या वेळचं रडणं टळतं, पण आई न सांगता कधीही नाहीशी होऊ शकते हे बाळ शिकतं आणि दिवसभर पदराला चिकटून राहतं. उलट टोकही वाईट: निरोप घेऊन तीनदा परत फिरलात, तर तुमचा घाबरलेला चेहराच त्याला सांगतो की इथे काहीतरी धोका आहे. परत आल्यावर फोन बाजूला ठेवून जमिनीवर बसा, पहिली दोन-तीन मिनिटं त्याचीच. त्याने तोंड फिरवलं तर ओढून घेऊ नका, तिथेच थांबा.

लाडावण्याचा प्रश्न खरा येतो तो नियमांपाशी. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या शैली मांडल्या. पुढे १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी त्या माया आणि अपेक्षा अशा दोन मापांवर बसवल्या. दोन्ही भरपूर असलेली शैली मुलांना सहसा मानवते. तुमच्या बाळाच्या वयात याचा अर्थ इतकाच: ते विजेच्या सॉकेटकडे गेलं की ‘नाही’ म्हणून उचलून बाजूला ठेवा, रडलं तर कुशीत घ्या, आणि सॉकेटपाशी परत मात्र सोडू नका. कुशीत घेतल्याने ‘नाही’ सैल होत नाही. रडल्यावर सोडलं तर होतं.

पुढचं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना जरूर विचारा: लागलं-खुपलं तरी बाळ कुणाकडेच धाव घेत नाही, वर्षाचं झालं तरी नावाला प्रतिसाद देत नाही, येत असलेली गोष्ट करेनासं झालं, किंवा सांभाळणाऱ्या माणसाला पाहूनच दचकतं. आणि तुम्हाला स्वतःला दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास, रिकामं वाटत असेल तर तेही त्याच भेटीत सांगा. त्यावर उपचार आहेत.