जुनी सेटअप स्क्रिप्ट 'टाइप=मायआयसॅम'पाशी अडते, काय करावं?

निफाडकडच्या पॅकहाऊसचं जुनं पीएचपी सॉफ्टवेअर तुम्ही मायएसक्यूएल ८ या डेटाबेसवर चढवताय आणि टेबल बनवणारी स्क्रिप्ट १०६४ (लिहिण्याच्या पद्धतीत चूक) एरर देऊन थांबतेय. मी नाशकातच असली जुनी सॉफ्टवेअरं सांभाळतो, त्यामुळे ही ओळ तोंडपाठ आहे. 'टाइप' हा शब्द ५.५ मध्येच काढून टाकला, आता तिथे 'इंजिन' लिहायचं. इंजिन म्हणजे टेबलाचा डेटा साठवणारी यंत्रणा; मायआयसॅम हे त्यातलं जुनं.

पण जुना सर्व्हर अजून चालू असेल तर स्क्रिप्टला हातच लावू नका. तिथूनच मायएसक्यूएलडंपने (डेटाबेसची प्रत काढणारं टूल) 'नो-डेटा' पर्याय देऊन टेबलांची रचना काढा. एक तर त्यात 'इंजिन' आपोआप येतं. दुसरं म्हणजे मधल्या वर्षांत कुणीतरी परस्पर वाढवलेले कॉलम स्क्रिप्टमध्ये नसतातच.

सर्व्हर बंद पडलाय? मग फाइंड-रिप्लेस करा, पण जपून. मालाचा प्रकार ठेवायला 'टाइप' नावाचा कॉलम असणारच, तोही बदलून बसेल. टेबलाच्या शेवटच्या कंसानंतरचाच शब्द बदला. आणि मायआयसॅमच्या जागी इनोडीबी हे इंजिन घ्या. मायआयसॅम फॉरेन की (एका टेबलातली नोंद दुसऱ्यातल्या नोंदीशी बांधणारा नियम) मुकाट्याने वाचतं आणि सोडून देतं, त्यामुळे शेतकऱ्याचं नाव उडवलं तरी त्याच्या पावत्या तशाच लोंबकळत राहतात. डेटा भरताना फॉरेन कीची तपासणी चालू असेल तर इनोडीबी अशा पावत्यांवर अडेल. अडू द्या, त्या तेव्हाच निस्तरा.

खरी डोकेदुखी पुढे आहे. 'डिफॉल्ट ०००० - ०० - ००' असलेल्या तारखेच्या कॉलमवर १०६७ (चुकीची डिफॉल्ट किंमत) एरर येईल, कारण ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड, म्हणजे चुकीच्या किमती नाकारणारी सेटिंग, मुळातच चालू असतो. बरेच जण ही सेटिंग जिथे असते तो एसक्यूएल मोड रिकामा करून मोकळे होतात. मला ते पटत नाही, कारण मग चुकीची तारीखही गुपचूप आत जाते. कॉलमला नल (म्हणजे किंमतच नाही) चालेल असं करा, मात्र आधी पीएचपीत त्या शून्य तारखेशी तुलना कुठे कुठे केलीय ते शोधा. पेमेंट बाकी आहे की नाही हे अशाच तुलनेवर ठरवलेलं असतं.

शेतकऱ्यांची नावं इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर लगेच कॅरेक्टर सेटवर (अक्षरं साठवण्याच्या सेटिंगवर) घसरू नका. जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर असेल तर त्याला युनिकोड कन्व्हर्टरच लागतो.

डेटाबेसचा युझर बनवून त्याला परवानगी देणारी 'ग्रँट… आयडेंटिफाइड बाय' ओळही ८ मध्ये चालत नाही. आधी 'क्रिएट युझर', मग 'ग्रँट'.