वाचकांचे प्रश्न : जाताना सहा तास, येताना चोवीस?

प्रश्न : माझी मुलगी जूनमध्ये शिक्षणासाठी मुंबईहून न्यूयॉर्कला जाणार आहे. तिकिटानुसार विमान रात्री २ वाजता निघून त्याच दिवशी सकाळी ८ वाजता पोहोचते. परतीचे मात्र सकाळी ११.३० वाजता निघून दुसऱ्या दिवशी ११.३० वाजता मुंबईत उतरते. एकाच अंतराला इतका फरक कसा? शिवाय भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून काढलेले अंतर मुलीने सांगितलेल्या १२,५०० किलोमीटरशी जुळत नाही.
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळाच्या घड्याळाची असते. जूनमध्ये न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, म्हणून जातानाच्या सहा तासांत साडेनऊ मिळवावेत आणि येतानाच्या चोवीस तासांतून तेवढेच वजा करावेत. उत्तर येते साडेपंधरा आणि साडेचौदा. हिवाळ्यात हाच फरक साडेदहा तासांचा असतो.

उरलेला एक तास मुख्यतः वाऱ्याचा आहे. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात; त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात आणि त्यांचा वेग कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. परतताना हा वारा विमानाला पाठीमागून रेटतो. त्याचे बळ किती, हे एका उदाहरणावरून दिसते : २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून, म्हणजे पूर्वेकडे, नेण्यास सुरुवात केली, तेव्हा मार्ग हजार किलोमीटरहून अधिक लांबला, तरीही वेळ वाचला.

अंतराबाबत मुलीचा आकडा बरोबर आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात. ६० अंश अक्षांशावर दोन रेखावृत्तांमधले अंतर विषुववृत्तावरच्या अंतराच्या निम्मेच असते, पण भिंतीवरच्या अनेक नकाशांत ते सर्वत्र सारखेच दिसते. त्या नकाशावरील सरळ रेषेने दिशा न बदलता विमान नेले, तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील. सर्वांत जवळचा मार्ग मात्र उत्तरेला वळून जवळजवळ ६५ अंशांपर्यंत चढतो आणि मग खाली उतरतो. गावच्या शाळेत पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून हे अवश्य पाहावे, कारण कितीही समजावून सांगितले तरी हातातल्या दोऱ्याइतकी खात्री कशानेच पटत नाही. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असल्यास दोऱ्याचा एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर, आणि दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास भरेल. प्रत्यक्ष उड्डाण याहून थोडे लांबच असते, कारण वारा, वादळे आणि बंद हवाई हद्दी टाळून जावे लागते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हद्द भारतीय विमानांना बंद केल्यावर पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक उड्डाणांना वळसा पडला.

नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. एवढ्या टप्प्यात पृथ्वीच्या गोलाईने नकाशावरच्या मापात विशेष फरक पडत नाही. मुलगी तो टप्पाही विमानानेच करणार असेल, तर ते विमान मुंबईत कोणत्या टर्मिनलवर उतरते ते आधी पाहून ठेवावे. टर्मिनल १ आणि परदेशी विमानांचे टर्मिनल २ यांच्यामध्ये रस्त्याने जावे लागते आणि परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोहोचणे अपेक्षित असते.