पैसे आत्ता कुठे आहेत? बँकेच्या ॲपविषयी वाचकांचे प्रश्न

मोबाइल बँकिंग ॲपच्या रचनेविषयी गेल्या अंकात पत्रं मागवली होती. पुणे आणि आसपासच्या भागातून ॲप बनवणाऱ्यांची पत्रं आली, तशी रोज ते वापरणाऱ्यांचीही आली. पहिल्या पत्राचं उत्तर मुद्दाम लांब दिलं आहे. बाकीच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ त्यातच आहे.

आमच्या सहकारी बँकेच्या ॲपवर सर्वांत जास्त तक्रारी 'पैसे कापले गेले, पण पोचले नाहीत' अशा येतात. व्यवहार अडकला की आम्ही 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' असा संदेश दाखवतो. त्यात काय बदलावं?
— संगणक विभागातील अधिकारी, सदाशिव पेठ

आधी 'पुन्हा प्रयत्न करा' हे शब्द काढून टाका. दोनदा पैसे जाण्याच्या तक्रारी या तीन शब्दांतून जन्माला येतात.

यूपीआयच्या व्यवहारात पैसे पाठवणाऱ्याच्या खात्यातून रक्कम आधी वजा होते, मग यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेमार्फत समोरच्या बँकेला ती जमा करायला सांगितलं जातं. समोरच्या बँकेचं उत्तर ठरलेल्या वेळेत आलं नाही, तर त्या क्षणी व्यवहार झाला असंही म्हणता येत नाही आणि फसला असंही नाही. म्हणजे निकाल तीन आहेत: झाला, झाला नाही, अजून ठरायचा आहे. बहुतेक ॲप्समध्ये पडदे मात्र दोनच असतात आणि तिसरा निकाल लाल फुलीच्या पडद्यात कोंबलेला असतो. फुली दिसली की माणूस पुन्हा पाठवतो. दहा मिनिटांनी पहिला व्यवहारही पूर्ण होतो.

तिसऱ्या निकालाला स्वतःचा पडदा द्या. रंग लाल नको, हिरवाही नको. मजकूर असा ठेवता येईल: '₹४,५०० तुमच्या खात्यातून वजा झाले आहेत. समोरच्या बँकेची पोच यायची आहे. पुन्हा पाठवू नका. रक्कम जमा झाली नाही, तर १४ तारखेपर्यंत तुमच्या खात्यात परत येईल.' ही तारीख अंदाजाने टाकायची नाही. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआय किंवा आयएमपीएसने व्यक्तीला पाठवलेली रक्कम जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी. दुकानदाराला यूपीआयने दिलेल्या रकमेची पोच त्याला मिळाली नाही, तर पाच दिवस. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. दिवस व्यवहाराच्या कॅलेंडर तारखेपासून मोजायचे असल्याने तारीख सर्व्हरवर काढता येते. 'लवकरच' या शब्दाने कोणाचाही जीव भांड्यात पडत नाही, तारखेने पडतो.

त्याच पडद्यावर बारा अंकी संदर्भ क्रमांक द्या, चार-चार अंकांचे गट पाडून, शेजारी 'कॉपी करा' बटणासह. शाखेत किंवा फोनवर पहिली विचारणा त्याचीच होते. ॲप बंद करून पुन्हा उघडलं, की मुख्य पडद्यावर सगळ्यात वर हा अडकलेला व्यवहार दिसला पाहिजे. तो व्यवहारांच्या यादीत शोधायला लावू नका. मुदत उलटली, तर तिथेच तक्रारीचं बटण यावं आणि तक्रारीत रक्कम, वेळ, क्रमांक आधीच भरलेले असावेत.

आता पडद्यामागचा भाग, ज्याच्याशिवाय वरचं सगळं वाया जाईल. 'पाठवा' बटण एकदा दाबल्यावर निष्क्रिय करणं चांगलंच, पण पुरेसं नाही. नेटवर्क तुटतं, फोन ॲप बंद करून टाकतो, माणूस मागे जाऊन पुन्हा येतो. म्हणून प्रत्येक व्यवहाराच्या विनंतीला एक वेगळा क्रमांक द्या आणि तो खात्री करण्याचा पडदा उघडतानाच तयार करून फोनमध्ये साठवा. तीच विनंती पुन्हा गेली, तर सर्व्हरने नवा व्यवहार न करता पहिल्याचीच स्थिती परत सांगावी. क्रमांक बटण दाबल्यावर तयार होत असेल, तर दोनदा दाबल्यावर दोन क्रमांक होतील आणि सर्व्हरला ते दोन व्यवहारच वाटतील. ही चूक चाचणीत सापडत नाही, कारण कार्यालयातलं वायफाय जलद असतं.

थोड्या वेळापूर्वी त्याच व्यक्तीला तीच रक्कम गेली असेल, तर अडवू नका, फक्त विचारा: '३ मिनिटांपूर्वी याच खात्यावर ₹४,५०० पाठवले आहेत. आणखी ₹४,५०० पाठवायचे आहेत का?' फिरणारं चक्र दहा सेकंदांपेक्षा जास्त चाललं, तर काय चाललं आहे ते शब्दांत लिहा. अर्ध्या मिनिटानंतर 'हा पडदा बंद केला तरी चालेल, निकाल एसएमएसने कळवू' असं सांगून माणसाला मोकळं करा.

पैसे पाठवताना एनईएफटी, आरटीजीएस, आयएमपीएस, यूपीआय असे चार पर्याय येतात. दर वेळी गोंधळ होतो. हे ग्राहकाला विचारणं गरजेचं आहे का?
— गृहिणी, धायरी

नाही. तुम्हाला ठाऊक असतं ते इतकंच: कोणाला, किती आणि किती घाईने. बाकीचं ॲपने ठरवावं. आरटीजीएस दोन लाखांपासून पुढे चालतं, आयएमपीएसची कमाल मर्यादा पाच लाख आहे, हे नियम यंत्राला सहज तपासता येतात.

मात्र रचनाकारांनी एक फरक लपवू नये. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालू असलं, तरी ते दर अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी जातं आणि तुकडी निघाल्यावर रक्कम जमा व्हायला किंवा परत यायला दोन तासांपर्यंत लागू शकतात. अशा व्यवहारावर लगेच हिरवी खूण करून 'पैसे पोचले' लिहिणं खोटं ठरतं. 'बँकेने विनंती स्वीकारली. साधारण इतक्या वाजेपर्यंत जमा होतील' हे खरं.

आणखी एक: एनईएफटी आणि आरटीजीएसमध्येही पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करायला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. ते नाव बारीक करड्या अक्षरांत नको. रकमेइतकंच मोठं हवं.

ॲपचं मराठी रूप तयार करतो आहे. वेलांट्या आणि उकार कापले जातात, बटणात मजकूर मावत नाही. आकडे देवनागरी ठेवावेत का?
— रचनाकार, कर्वेनगर

मजकूर कापला जातो, कारण बटणाची उंची इंग्रजी अक्षरं धरून पक्की केलेली असते. पक्की उंची काढा, किमान उंची आणि वर-खाली मोकळी जागा द्या. ओळींची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपट धरा. 'दुसऱ्या', 'मूळ शुल्क', 'कर्जाची नोंदणी' हे शब्द प्रत्येक पडद्यावर टाकून पाहा. रफार, वेलांटी आणि उकार तिन्ही तपासले जातात. बटण एकाच ओळीचं असा हट्ट सोडा. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची सेटिंग मराठीसाठी शून्यावर आणा, नाहीतर शिरोरेषा तुटते. फार जाड वजनात जोडाक्षरांची पोकळी भरून जाते, म्हणून शीर्षकालाही मध्यम जाडीच बरी. मजकुराची भाषा 'मराठी' अशी कोडमध्ये नोंदवा; ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श दिलेले असतात, ते अशी नोंद असेल तरच दिसतात.

सर्वांत मोठी अडचण वाक्यांची आहे. इंग्रजी ॲपमधली 'अमुकला तमुक रुपये पाठवले' छापाची, तुकडे जोडून होणारी वाक्यं मराठीत मोडतात. 'सुरेश'चं 'सुरेशला' होतं, 'पाटील काका'चं 'पाटील काकांना' व्हायला हवं आणि बँकेकडून येणारं नाव तर रोमन मोठ्या अक्षरांत असतं. त्याला 'ला' चिकटवलं की विद्रूप दिसतं. नाव वाक्यात गुंफूच नका. 'कोणाला', 'रक्कम', 'कोणत्या खात्यातून' अशा तीन ओळी द्या आणि मूल्य समोर लिहा.

आकड्यांचं म्हणाल, तर खाते क्रमांक आणि आयएफएससी पासबुकात छापतात तसेच, इंग्रजी आकड्यांत ठेवा. माणूस ते समोर धरून ताडून पाहतो. रकमेसाठी निवड ग्राहकाला द्या, पण कीपॅड, पडदा, पावती सगळीकडे एकच पद्धत हवी. इथे एक खाचखळगा आहे: आकडे मांडणाऱ्या प्रचलित लायब्ररींना (तयार कोडच्या संचांना) भाषा मराठी सांगितली, की त्या आपोआप देवनागरी आकडे देतात, हिंदीला तसं करत नाहीत. त्यामुळे निम्मा पडदा एका लिपीत आणि निम्मा दुसऱ्या लिपीत येतो. अंकपद्धती कोडमध्ये स्पष्ट सांगा. स्वल्पविराम लाख-कोटींच्या पद्धतीनेच: १,२५,०००.

आणि रक्कम टाकताना खाली ती अक्षरांत उमटू द्या: 'एक लाख पंचवीस हजार रुपये'. जास्तीचं शून्य पकडायला याच्याइतका चांगला उपाय नाही. मराठीत नव्व्याण्णवपर्यंतचे शब्द नियमाने बनत नाहीत, तेव्हा पूर्ण तक्ता हाताने लिहा आणि 'एकोणसाठ', 'एकोणऐंशी' नीट तपासा.

नवीन फोन घेतला. बँकेच्या ॲपची नोंदणी दर वेळी 'पडताळणी अयशस्वी' म्हणून थांबते. घरचं वायफाय उत्तम आहे.
— निवृत्त शिक्षक, सहकारनगर

सर, या टप्प्यावर वायफायचा उपयोग नाही. ॲप तुमच्या फोनवरून बँकेला एक एसएमएस पाठवतं आणि तो खात्याशी जोडलेल्या क्रमांकावरूनच आला का, हे बँक पाहते. फोनमध्ये दोन सिम असतील, तर खात्याचं सिम निवडलं आहे ना, ते पाहा. त्या सिमवर एसएमएस पाठवण्याइतकी शिल्लक किंवा चालू पॅक हवा. ॲपला एसएमएसची परवानगी दिलेली हवी. सिमला रेंज हवी. या चारपैकी एखादी गोष्ट अडलेली असते. नोंदणी झाल्यावर यूपीआयवर पहिले चोवीस तास सहसा ₹५,००० चीच मर्यादा असते, म्हणून त्या दिवशी मोठी रक्कम द्यायची असेल तर आधीच दुसरी सोय करा.

ॲप बनवणाऱ्यांना आमचं सांगणं: या चार अटी नोंदणीच्या आधी दाखवा आणि फसल्यावर कोणती अट अडली ते लिहा. मर्यादा केव्हा उठेल, तो वार आणि वेळही तिथेच.

मी दृष्टिहीन आहे, पडदा वाचून दाखवणारं टॉकबॅक वापरते. पिनच्या कीपॅडवरचे आकडे दर वेळी जागा बदलतात. मध्येच ॲप लॉगआउट होतं. याला काही नियम आहेत का?
— वाचक, कोथरूड

आहेत, आणि तुमची मागणी हक्काची आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सुविधा सर्वांना वापरता येणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्या प्रकरणात ई-केवायसीचाच, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीचाच प्रश्न होता: डोळे मिचकावून दाखवा ही अट दृष्टिहीन आणि ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींना पार करता येत नव्हती.

ॲपच्या स्वतःच्या लॉगिन पिनसाठी जागा बदलणारं कीपॅड कोणावरही लादू नये, पर्याय म्हणून बोटाचा ठसा द्यावा. वेळ संपण्याआधी सूचना यावी आणि एका कृतीने मुदत वाढवता यावी. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत त्यासाठी किमान वीस सेकंद सांगितले आहेत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उठाव किमान ४.५ : १, अँड्रॉइडवर बोट ठेवण्याची जागा ४८ बाय ४८ डीपी (अँड्रॉइडचं पडद्यावरचं मोजमाप), अक्षरं दुप्पट केली तरी काही झाकलं जाऊ नये. चिन्हांच्या बटणांना नावं हवीत, 'बटण, बटण' असं ऐकू येता कामा नये. शिल्लक आपणहून मोठ्याने वाचली जाऊ नये: आधी 'शिल्लक लपवलेली आहे, दाखवा' ऐकू यावं. ॲपच्या तक्रार विभागात पडद्याचं नाव आणि काय ऐकू आलं ते लिहा. दुरुस्ती करणाऱ्याला तेवढ्याने जागा सापडते.

जमा हिरव्यात आणि खर्च लाल रंगात दाखवला की पुरे ना?
— वाचक, चिंचवड

नाही. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांसाठी + किंवा − चिन्ह आणि 'जमा', 'खर्च' हे शब्दही हवेत.

'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' म्हणून फसवणूक होते. रचनेने ती थांबवता येईल का?
— दुकानदार, हडपसर

पूर्ण नाही, पण कमी करता येईल. यूपीआय पिनचा पडदा एनपीसीआयच्या घटकातून येतो, बँकेला तो बदलता येत नाही. म्हणून त्याच्या आधीच्या पडद्याने काम केलं पाहिजे: 'तुमच्या खात्यातून ₹८,००० जाणार आहेत' हे वाक्य आणि बँकेत नोंदलेलं नाव, दोन्ही ठळक. बटणावर 'पुढे' नको, '₹८,००० पाठवा' हवं. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हेही त्या पडद्यावर असावं.

पडदा दुसऱ्याला दिसू नये म्हणून स्क्रीनशॉट बंद करतात, ते योग्यच. पण मग पावती पाठवण्यासाठी वेगळं बटण द्या, नाहीतर दुकानदाराला दाखवायला दुसऱ्या फोनने फोटो काढावा लागतो. फसवणूक झालीच, तर १९३० वर लगेच फोन करा, त्यानंतर बँकेला कळवा. हा क्रमांक आणि 'खातं थांबवा' बटण लॉगिनच्या आधीच दिसायला हवं.

रचनेचा अभ्यासक्रम करतो आहे. बँकिंग ॲपचा नमुना कोणाकडून तपासून घ्यावा आणि किती जणांकडून?
— विद्यार्थी, विमाननगर

एका फेरीत पाच-सहा जण पुरतात. दुरुस्त्या करा आणि नव्या पाच-सहा जणांकडे जा. वर्गमित्र नकोत. मार्केट यार्डातला अडत्या, निवृत्त आजी, रिक्षाचालक, पहिल्यांदाच पगार मिळालेली मुलगी असा गट करा. शक्य असेल तर त्यांच्याच फोनवर, त्यांनी ठेवलेल्या अक्षरांच्या आकारात. एकदा तरी भर उन्हात, एकदा तुळशीबागेच्या गर्दीत एका हातात पिशवी असताना, आणि एकदा नेटवर्क मुद्दाम मंद करून.

'ॲप आवडलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. काम द्या: 'भावाला ₹२,००० पाठवा.' मग गप्प बसा. बोट कुठे थबकतं, काय मोठ्याने वाचलं जातं, कुठे मागे जावं लागतं ते टिपा. काम झाल्यावर एकच प्रश्न विचारा: 'आत्ता पैसे कुठे आहेत?' खोटी खाती वापरा, खरा पिन कधी मागू नका, आणि चेहरा किंवा पडदा ध्वनिचित्रित करायचा असेल तर आधी परवानगी घ्या.

कामाच्या संग्रहात सुंदर मुख्य पडदा सगळेच ठेवतात. तुम्ही अडकलेल्या व्यवहाराचे, नोंदणी फसल्याचे आणि रेंज गेल्याचे पडदे ठेवा, प्रत्येकाखाली तो तसा का आहे ते दोन ओळींत लिहा.